व्यासंग की व्यासांग? आणि तो 'दांडगा'च का?

कडूलिंब (धागालेखक)

मंडळी, एका शब्दापायी आमची स्मरणिका आठवडाभर अडलीय. मदत करा.

तालुक्याच्या गावातली आमची शाळा यंदा पंचाहत्तरीची. माजी विद्यार्थ्यांच्या समितीत मी 'लिहिता' समजला जातो (बँकेत बावीस वर्षं परिपत्रकं खरडली, एवढीच पुण्याई), म्हणून सरांवरचा लेख माझ्या गळ्यात पडला. सर मराठी-संस्कृत शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढे आहेत. रोज सकाळी ओसरीवर, चष्मा घालून वर हातात भिंग धरून वाचत बसतात. मी पहिलंच वाक्य लिहिलं, "सरांचा व्यासंग दांडगा आहे."

प्रूफ आलं, त्यात "सरांचा व्यासांग दांडगा होता."

'होता' बघून माझ्या पोटात गोळाच आला. छापखान्यात फोन केला तर ऑपरेटर म्हणतो, साहेब, व्यासंग शब्द नेहमी श्रद्धांजलीतच येतो, म्हणून मीच 'होता' केलं. त्याचंही खोटं नाही म्हणा. पण 'व्यासांग'? तर म्हणे शुद्ध करून दिलं.

मग समितीची बैठक, चहा आणि भजी. एकजण म्हणाले 'दांडगा' काढा, सर काय गुंड आहेत? दुसरे म्हणाले 'प्रकांड पांडित्य' लिहा, वजन येतं. सगळ्यांत तरुण सभासद म्हणाला, काका, 'सरांचं नॉलेज एकदम डीप आहे' लिहा, आजच्या पोरांना कळेल. भजी संपली, वाक्य आहे तिथंच.

तर माझे प्रश्न. व्यासंग म्हणजे नेमकं काय? विद्वत्ता, पांडित्य, अभ्यास यांच्यापेक्षा तो वेगळा कसा? शब्द फोडायचा कुठे? मला इतकंच जाणवतं की सरांच्या बाबतीत 'विद्वत्ता' लिहिलं की काहीतरी हुकतं. काय हुकतं ते सांगता येत नाही.

चहाटळ

सोपं आहे हो. व्यास + अंग. व्यासांसारखं ज्याचं अंग तो व्यासंगी. म्हणून तर दांडगा!

संधिकाल

चहाटळराव, दहावीत संस्कृतला किती होते?

व्यास आणि अंग यांचा संधी केला तर 'व्यासांग'च होईल. छापखान्यातल्या ऑपरेटरने नेमकी तीच फोड मनात धरली असणार. 'व्यासांची संगत' म्हणावं तर 'व्याससंग' होईल, दोन स. आपल्या शब्दात एकच स आहे आणि त्याच्यावर काना नाही. तेव्हा व्यासमहर्षींना यातून मोकळं करू या.

खरी फोड : वि + आ + सञ्ज्. सञ्ज् म्हणजे चिकटणं, लटकणं, अडकणं. 'वि' आणि 'आ' मिळून 'व्या'. याच धातूचे भाऊबंद आपण दिवसभर वापरतो : संग, प्रसंग, आसक्त, अनुषंग. अनुषंगात 'ष' का आणि व्यासंगात 'स' का, असं कुणी विचारेलच. उपसर्गाच्या शेवटी इ किंवा उ असला की या धातूचा स हा ष होतो. अनुषंग, अभिषंग, निषंग. निषंग म्हणजे बाणांचा भाता, पाठीला चिकटलेला, लटकलेला. 'आ'नंतर ते होत नाही, म्हणून व्यासंग.

थोडक्यात, हा मुळात ज्ञानाचा शब्दच नव्हे, चिकटण्याचा आहे. संस्कृतात व्यासंग कशाचाही असू शकतो, विषयांचा, बाईचा, जुगाराचासुद्धा. मराठीने तो उचलला आणि विद्येला बांधून टाकला. आता 'त्याला रमीचा व्यासंग आहे' म्हटलं की आपण हसतो, कारण विद्येचा शब्द पत्त्यांना लावलाय. मुळात तसं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गंमत पुढेच आहे. व्यास हा शब्द वि + अस् यातून येतो. अस् म्हणजे फेकणं, टाकणं. व्यास म्हणजे पसरून, विभागून मांडणं. वेदांची विभागणी केली म्हणून व्यास. व्यसन हा शब्दही याच वि + अस् मधून. अभ्यास म्हणजे अभि + अस्. न्यास, विन्यास, संन्यास सगळे त्याच घरातले. तेव्हा अभ्यास आणि व्यसन सख्खे भाऊ, आणि व्यासंग त्यांचा कुणीही नाही.

चहाटळ

म्हणजे व्यासांच्या घरात व्यसन आहे आणि व्यासंग नाही! माझे आजचे पैसे वसूल.

(दहावीला छत्तीस होते. पासिंग.)

गोदाकाठ

आमच्याकडे नाशकात लहानपणी 'व्यासंगी' फारसं ऐकलं नाही, 'दशग्रंथी' मात्र उठताबसता. कुणी फार शहाणपणा केला की आजी म्हणायची, "आला मोठा दशग्रंथी!" ते दहा ग्रंथ कोणते हे मला चाळिशीत कळलं : संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, व्याकरणाची अष्टाध्यायी, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष. हे सगळं मुखोद्गत.

आणि घनपाठी त्याहून कठीण. वाड्यात एक वृद्ध घनपाठी राहायचे, त्यांनी मला बोटांवर दाखवलं होतं. मंत्रातले शब्द एक, दोन, तीन असे धरा. जटापाठात म्हणायचं एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दोनपासून पुन्हा तसंच. स्वर सांभाळून. मी तिसऱ्या शब्दाला बोटं विसरलो.

याला व्यासंग म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायला हवं. आयुष्य घातलंय त्यांनी.

संधिकाल

आदर आहेच, पण शब्द म्हणून नाही म्हणणार. त्याला अध्ययन म्हणा, पाठांतर म्हणा, तपश्चर्या म्हणा. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला भार वाहणारा खांब म्हटलंय, ते निरुक्तातच. म्हणजे दशग्रंथातल्या एका ग्रंथानेच हा चिमटा काढून ठेवलाय.

गोदाकाठ

खांब नसता तर छप्पर कुठे राहिलं असतं, संधिकाल? छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ या माणसांच्या गळ्यात राहिले. तुमच्या अर्थ जाणणाऱ्यांना जाणायला काहीतरी उरलं ते त्यामुळे.

संधिकाल

हं. हे मान्य. 'व्यासंग' तरीही म्हणणार नाही, पण मान्य.

तारीखपेतारीख

पेशाने वकील, म्हणून न्यायाच्या बाजूने. (ते न्यायालय वेगळं आणि हे न्यायदर्शन, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, वेगळं, पण आम्हाला दोन्हीकडे ताटकळायची सवय आहे.)

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द येतो आणि तिथे त्याचा अर्थ मराठीच्या जवळजवळ उलटा आहे. "विषयान्तरव्यासङ्गात्." मन दुसऱ्या विषयात गुंतलेलं असल्यामुळे समोरची गोष्ट कळत नाही. डोळे उघडे आहेत, माणूस समोरून गेला, दिसलाच नाही, कारण मनाचा 'व्यासंग' भलतीकडे होता. म्हणजे एकीकडे चिकटलं की दुसरीकडून सुटलं. दोन्ही एकाच शब्दात.

मला तर मराठी अर्थ यातूनच नीट कळला. ज्याला खरा व्यासंग आहे त्याचं कुठेतरी दुर्लक्ष असतंच असतं.

उदाहरण आमच्याच पेशातलं देतो. पां. वा. काणे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करायचे. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ त्यांनी संपादित केला आणि त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाचं एक टिपण जोडावं असं ठरवलं. ते टिपण काही आवरेना. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा पुरा व्हायला १९६२ उजाडलं. साडेसहा हजारांवर पानं. काणे १८८० चे, म्हणजे काम संपलं तेव्हा ब्याऐंशीचे. पुढच्या वर्षी भारतरत्न. प्रस्तावना लिहायला बसलेला माणूस बत्तीस वर्षं उठलाच नाही, याला पांडित्य म्हणून कसं चालेल? पांडित्य त्यांच्याकडे १९३० सालीही होतं.

आता धागालेखकांच्या प्रश्नाकडे. क्रियापदं बघा म्हणजे फरक दिसेल. विद्वत्ता पाजळतात. पांडित्य मिरवतात, गाजवतात. अक्कलही पाजळतात. 'त्याने व्यासंग पाजळला' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? व्यासंग जोपासतात, वाढवतात. चारचौघांत काढून दाखवायची सोयच नाही त्या शब्दात. आणि स्वतःबद्दल तो वापरता येत नाही. 'या विषयाचा माझा अभ्यास आहे' असं मी न्यायाधीशांपुढे बेधडक म्हणतो. 'माझा व्यासंग आहे' म्हटलं तर शिपाईसुद्धा हसेल.

कडूलिंब

तारीखपेतारीख, दंडवत! मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. वाचनखूण साठवली.

पाटावरवंटा

संस्कृत आपल्याला येत नाही, म्हणून वाचत गप्प बसले होते. पण पाजळणं-मिरवणं वाचलं आणि राहवेना.

आमच्या कोल्हापूरकडं व्यासंग वगैरे कोण म्हणतंय? 'कायदा कोळून प्यालंय बेणं' म्हणतात. चिंच कोळतात तसं. पाण्यात भिजवायची, बोटांनी दाबून दाबून गर काढायचा, चोथा टाकायचा आणि मग पाणी प्यायचं. नाहीतर 'मुरलेला आहे' म्हणतात, लोणच्यासारखा. दोन्ही शब्द सैपाकघरातले, आणि दोन्हींत घाई चालत नाही.

आता माझे सासरे. एस.टी.त कंडक्टर होते, शिक्षण जुनी सातवी. त्यांना गावांच्या नावांचं वेड. गाडीत जो चढेल त्याला तिकिटाबरोबर एक प्रश्न : तुमच्या गावाला हे नाव कशानं पडलं? वडगाव, बोरगाव, जांभळी, उंबरे असली झाडांवरची नावं वेगळी लिहायची. त्यातही 'वड आता आहे का?' हे विचारायचं, आणि 'नाही' म्हणाले तर 'कुणाच्या आठवणीत होता?' हे. खुर्द आणि बुद्रुकची वही वेगळी. बुद्रुक म्हणजे मोठं, फारसीतल्या बुजुर्गवरनं आलंय, हे त्यांना एका शाळामास्तरांनी सांगितलं. मग हे बघायला लागले की आत्ता खुर्द मोठं आणि बुद्रुक बारकं अशी गावं किती, आणि उलटापालट कशानं झाली. बाजार हलला, का रस्ता पलीकडनं गेला, का पाणी. सगळं टिपलेलं. आधी रद्द वे-बिलाच्या पाठीवर कच्चं, घरी आल्यावर वहीत पक्कं. जेवण झालं की कंदिलाजवळ बसायचे, लाइट आली तरी सवयीनं त्याच कोपऱ्यात.

तारीखपेतारीख म्हणतात तसं दुर्लक्षही होतंच. एकदा एका म्हाताऱ्याबरोबर गावाच्या नावावरनं असे रंगले की घंटीची दोरी ओढायचीच राहिली. म्हाताऱ्याचं गाव मागं पडलं. त्यालाही कळलं नाही, तोही सांगण्यात गुंगलेला! पुढच्या फाट्यावर उतरवून, उलट्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केलं. त्या दिवशीच्या वहीत ते गाव आहे, पुढं कंसात 'माझी चूक' असं लिहून.

ह्याला काय म्हणायचं? छंद?

संधिकाल

फार सुंदर लिहिलंत. पण चावटपणा म्हणून समजू नका, मी जरा अडून बसतो. व्यासंगाला विषयाचा शास्त्र म्हणून पाया लागतो. आधी कुणी काय लिहिलंय ते वाचणं, पडताळणं. हौसेने माहिती गोळा करणं आणि व्यासंग यात फरक ठेवला नाही तर उद्या विवाहमंडळाच्या परिचयपत्रात 'व्यासंग : वाचन, प्रवास, गाणी ऐकणे' असं येईल. येतंच आहे, मी पाहिलंय.

तारीखपेतारीख

संधिकाल, पडताळणं म्हणता? 'वड आता आहे का, नसेल तर कुणाच्या आठवणीत होता' ही तर आमच्या भाषेत उलटतपासणी झाली. साक्षीदार, त्याचं वय, प्रत्यक्ष पाहिलेलं की ऐकीव. मी असे वकील पाहिलेत ज्यांना हे सुचत नाही.

मांडवीतीर

गोव्याहून एक भर घालतो. धर्मानंद कोसंबी आमच्या सांखवाळचे, जन्म १८७६. शालेय शिक्षण जवळपास नाहीच. घरची नारळाची बाग सांभाळता सांभाळता बुद्धाविषयी वाचनात आलं, तेही मराठीतल्या मुलांच्या मासिकात, आणि त्या माणसाचं मन तिथे जे चिकटलं ते चिकटलं. १८९९ च्या शेवटी घर सोडलं. संस्कृतसाठी पुणे आणि काशी, तिथे अन्नछत्रात जेवून शिक्षण. मग बुद्धाच्या शोधात नेपाळ, मग श्रीलंका, तिथे पाली, मग ब्रह्मदेश. पुढे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला बोलावणं आलं.

आता सांगा, १८९९ साली बागेत उभ्या असलेल्या त्या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे विद्वत्ता होती का? शास्त्राचा पाया होता का? काहीच नव्हतं. व्यासंग मात्र त्याच दिवशी होता. पाया मागाहून आला. आणि हे उगाच गोड करून सांगायचं कारण नाही, मागे बायको आणि तान्ही मुलगी घरी होती. दुर्लक्षाची किंमत दुसऱ्यांनीही मोजलेली असते.

पाटावरवंटा

हे शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पगाराच्या दिवशी वही घेऊन यायचा बाबा."

संधिकाल

शस्त्रं खाली ठेवली. कोसंबींचं उदाहरण माझ्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा व्याख्या चुकली. धातूच सांगतोय की आधी चिकटणं, आणि तो मीच फोडून दाखवला होता.

प्रायश्चित्त म्हणून 'दांडगा'बद्दल. धागालेखक, तो काढू नका. दांडगा म्हणजे आडदांड हा एक अर्थ झाला. भक्कम, धडधाकट हाही तितकाच जुना आहे. दांडगी स्मरणशक्ती, दांडगा उत्साह म्हणतोच आपण. दुसरा पर्याय 'गाढा'. गाह् म्हणजे पाण्यात शिरणं, बुडी मारणं. त्यावरून अवगाहन आणि गाढ. गाढ झोपही तीच, खोल बुडालेली. 'निष्णात' म्हणजे नीट न्हालेला, स्ना धातू. 'स्नातक' म्हणजे नुसता न्हालेला, पदवीदानाला जाणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगा. 'पारंगत' म्हणजे पैलतीराला लागलेला. सगळी विद्या जणू नदीत चाललीय. व्यासंग तेवढा पाण्याबाहेरचा. तो पोहत नाही आणि पैलतीराला पोचतही नाही, नुसता धरून बसतो.

चहाटळ

'गाढा' नको. आमच्या शाळेच्या अंकात 'गाढे विद्वान' ओळीच्या शेवटी आलं होतं आणि टाइपकर्त्याने 'गाढ' वर ओळ तोडून, कुठून तरी एक 'व' आणून, पुढच्या ओळीत 'वे विद्वान' टाकलं होतं. पाहुणे व्यासपीठावर, अंक हातात. बरं, ही व्यासपीठं तरी व्यासांचीच ना?

संधिकाल

ती व्यासांचीच. तुम्हाला एक गुण.

टोरांटोकर

उशिरा आलो, पण या शब्दाने आमच्याकडे शनिवारच्या मराठी शाळेत गोंधळ घातलाय. मुलांना अर्थ सांगायचा तर इंग्रजीतून सांगावा लागतो. 'स्कॉलरशिप' म्हटलं तर पोरांना वाटतं फी माफ होते. माझ्याच आईला विचारलं तर तिच्या मते स्कॉलरशिप म्हणजे चौथीची नाहीतर सातवीची परीक्षा! 'इरुडिशन' म्हटलं तर कुणालाच कळत नाही, माझ्यासकट. वर्गात एक हिंदीभाषक आई बसतात, त्या म्हणाल्या आमच्याकडे रोजच्या बोलण्यात हा शब्द नाही, आणि 'अभ्यास' म्हणजे सराव. मराठीत अभ्यास म्हणजे होमवर्क हे ऐकून त्यांना हसू आवरेना.

शेवटी कंडक्टर आजोबांची गोष्ट वाचून दाखवली (पाटावरवंटा, न विचारता वापरली, राग मानू नका). नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या दादाला डायनोसॉरचं आहे तसं." मी 'हो' म्हटलं. संधिकाल, चाललं ना?

संधिकाल

दादाने उद्या डायनोसॉरपायी बसस्टॉप चुकवला की नक्की चाललं.

कडूलिंब

उशिराबद्दल क्षमा. कारण सांगतो.

समितीने ठरवलं की वाद नको, प्रूफ सरांनाच दाखवू, त्यांनाच शब्द निवडू दे. मी जाऊन सगळी चौसष्ट पानं देऊन आलो. सरांवरचा लेख एकोणिसाव्या पानावर, तिथे कागदाची खूण घालून ठेवली. आठ दिवसांनी गेलो. खूण होती तिथेच, कागद हललेला नाही. सर तिसऱ्या पानावर! तिथे आम्ही 'शाळेमागची टेकडी' एवढेच दोन शब्द लिहिलेत. सरांचं म्हणणं, त्या टेकडीला जुन्या मंडळींच्या तोंडी एक नाव होतं, ते अंकात यायला हवं, आणि त्या नावाच्या तीन व्युत्पत्त्या त्यांना सुचतात, त्यातल्या दोन त्यांना स्वतःलाच पटत नाहीत. चार फुलस्केप कागद भरलेत, दोन्ही बाजूंनी. भिंग त्याच्यावरच ठेवलेलं.

मी म्हटलं, सर, एकोणिसावं पान बघितलंत का, तुमच्याबद्दल आहे. म्हणाले, "बघू, येतोच आहे तिकडे."

मग मी त्यांना हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. काणे-कोसंबींना मान डोलावली, घनपाठाला बोटं मोजली, चहाटळना हसले. कंडक्टर आजोबांपाशी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. तेव्हा पाटावरवंटाताई, सरांचा निरोप जसाच्या तसा : त्या वह्या आहेत का, किती आहेत, आणि आमच्या तालुक्यातली गावं त्यात येतात का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन झेरॉक्स काढून नेतो.

छापखान्याला कळवलंय. स्मरणिका आता दिवाळीनंतर.

पाटावरवंटा

एकतीस आहेत. दोन वाळवीनं खाल्ल्या, एक मोठ्या नणंदेकडं आहे, ती देत नाही. तुमचा तालुका कुठला ते व्यनित सांगा, गाडीचा रूट बघून कुठली वही ते सांगते. झेरॉक्स नको, पानं तुकडे पडायला आलीत. सरांनाच घेऊन या. सासूबाई म्हणतात, जेवूनच जायचं.